ट्रेनिंगला गेलाय

"तुना पोऱ्या इमान चालाडस ना, मंग लढाईमा कसा नही?" शेजारच्या बेबाबाईंनी दारातूनच विचारलं.

खापरावर मांडा टाकता टाकता भिकुबाई म्हणाल्या, "त्याले ट्रेनिंगले धाडेल शे. तठे पंख्याखाले बठीसन शिकाडस तो."

"बरं शे बाई. फोटो इमानमा, काम पंख्याखाले." बेबाबाई हसत निघून गेल्या.

वृषाली मान खाली घालून पुरण वाटत राहिली. हे खोटं तिनेच सासूबाईंना सांगितलं होतं. सहा दिवसांपूर्वी कुंदनचा फोन आला होता. पुढच्या तळावर चाललोय, आता फोन लागणार नाही, आईला ट्रेनिंग म्हणून सांग, तिला झेपायचं नाही. सव्वीस वर्षांचा तिचा नवरा. लढाऊ विमानात तो एकटाच असायचा.

नरडाण्याजवळच्या या घरात दोघीच होत्या. वृषालीने टीव्हीची वायर काढून ठेवली, बिघडलाय म्हणाली. नळ सोडून मोरीत रडायची. बाहेर आली की भिकुबाई विचारायच्या, जेवलीस का. त्यांच्या या निवांतपणाचा तिला कधीकधी रागच यायचा.

भिकुबाईंचा फोन वाजला. नंबर अनोळखी. हात कणकेने भरलेले.

"दाब वं ते बटन. बँकवाला व्हई."

वृषालीने स्पीकर लावला.

"माय, मी उतरनू." कुंदनचा आवाज बसला होता. "हितेंद्र नही उतरना अजून."

त्याच्याच तुकडीतला वैमानिक हितेंद्र गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, इथेच चुलीजवळ बसून पाच मांडे खाऊन गेला होता.

"पहाटले परत जानं शे. माय, वृषालीले काही सांगं नही ना?"

भिकुबाईंनी वृषालीकडे पाहिलं. तिच्या तोंडावर हात होता.

"नही रे भाऊ. तिले काहीच माहीत नही. मस्त खास, मस्त झोपस."

फोन बंद झाला. म्हणजे त्याने आईलाही खरं सांगून वृषालीपासून लपवायला लावलं होतं. खापरावरचा मांडा करपला. मिनिटभरात वृषालीचा मोबाईल वाजला. तोच नंबर.

ती दोनदा खाकरली आणि मग फोन उचलला.

"आईला कळलं नाही ना?" कुंदनने विचारलं.

"छे रे. तुझ्या ट्रेनिंगचं गल्लीभर सांगत सुटल्यात."

"आत्ता काय करतेय ती?"

"मांडे. आणि गाताहेत. थांब, ऐकवते."

तिने फोन चुलीकडे धरला. भिकुबाईंनी कोपराने डोळे पुसले आणि आखाजीचं गाणं सुरू केलं.