आईचं पाऊल

परक्या माणसाशी लग्न करून मी निलगिरी उतरले, ती आज पहिल्यांदाच आमच्या तोडा जमातीच्या वस्तीवर परतले. झोपडीच्या बुटक्या दारातून रांगत शिरताना आतून आई म्हणाली, "तिकडचा भात मानवलाय गं तुला. अडकशील!" शालीवर भरतकाम करत बसलेली काकू मात्र हसली नाही, म्हणाली, "बाहेर लग्न केलेल्या पोरीला आता पाऊल कसलं?" आमच्यात थोरांनी कपाळाला पाऊल लावलं, तरच माणूस आपलं. मी आईपुढे गुडघे टेकून मान खाली घातली. आईनं पाय मागे ओढून घेतले आणि ती चुलीकडे वळून बसली. "बघ," काकू पुटपुटली. आल्या वाटेनं रांगत निघून जावं, असं वाटलं. "उठू नकोस," आई विस्तवापुढे तळपाय शेकत म्हणाली, "पहाटेपासून दवात सरपण गोळा करत होते. पाय गारठलेत. माझ्या लेकीला थंडगार पाऊल लावू होय?"