अब्तीचं बंदर

"हाक मारली ती पाण्यातून, आणि ऐकली ती किनाऱ्यावर!" बुल्हाननं काठी वाळूत रोवली. "होडीत होता भाचा. किनाऱ्यावर होता मामा, आमचा मूळपुरुष. तो इथे आधीपासून नसता, तर ती हाक ऐकली असती कुणी? माशांनी?"

बाभळीखाली बसलेलं त्याचं कुळ खदाखदा हसलं. मागे बायकांच्या चटईवर अंबरोची मान ताठ झाली. भाऊ कुणाचा!

समोरून दीरिये उठला. "हाक खरी, अब्ती. पण होडीत होता मामा. आमचा पूर्वज म्हणजे त्याचा भाचा, तो इथे उंटांना पाणी पाजत होता. मामानं लाटांवरून त्याला हाक मारली." आता दुसरी बाजू गरजली. अंबरोची मान आणखी ताठ झाली. मुलगा कुणाचा!

सगळं भांडण एका शब्दाचं होतं. अब्ती म्हणजे मामा. पण या सोमाली किनाऱ्यावर भाचा मामाला अब्ती म्हणतो, तसा मामाही मायेनं भाच्याला अब्तीच म्हणतो. कधी काळी 'अब्ती!' अशी हाक खाडीवर घुमली आणि गावाला तेच नाव पडलं, यावर दोन्ही कुळांचं एकमत होतं. ती मारली कुणी, यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाद. आता नवा धक्का बांधून झाला होता, आणि त्याच्या दगडावर गाव वसवणाऱ्याचं नाव कोरायचं होतं. पाथरवट तो दगड घेऊन झाडाखालीच बसला होता.

"अब्ती, तुझे दुधाचे दात अजून पडले नाहीत, आणि तू मला शिकवतोस?" बुल्हान म्हणाला.

"शिकवतो कुठे, अब्ती? तुम्ही विसरलात त्याची आठवण करून देतोय!"

या वेळी कुणी हसलं नाही. बुल्हानचा चेहरा लाल झाला. त्यानं बापापासून सुरुवात करून वंशावळ म्हणायला घेतली. दीरियेही मागे हटेना, त्यानं आपली सुरू केली. दोघंही कुठे अडखळले नाहीत. एक थेट होडीतल्या माणसाच्या मामापर्यंत पोचला, दुसरा थेट किनाऱ्यावरच्या भाच्यापर्यंत. आणि मग दोन्हीकडची तरणी पोरं उठून झाडाला टेकवलेल्या बंदुकांकडे सरकली.

एक गोळी सुटली की अंबरोचं माहेर तरी जाणार होतं, नाही तर पोटचा पोर. बायकांनी या झाडाखाली बोलायचा रिवाज नव्हता. तरी ती उठली आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"एकच विचारते. त्या मामाची बहीण, त्या भाच्याची आई. ती कुणाची?"

"आमची! आमच्या घरची लेक ती!" बुल्हान कडाडला.

"आमची! आमच्या कुळाची आई ती!" दीरियेही त्याच दमात ओरडला.

आणि दोघंही थबकले. सकाळपासून पहिल्यांदाच दोघं खरं बोलले होते, आणि एकालाही दुसऱ्याचं खोडता येईना. चटईवर कुणीतरी खुदकन हसलं. मग पुरुषही हसायला लागले. बंदुकांकडे गेलेली पोरं जागच्या जागी उभी राहिली.

"मग बंदर तिचं," अंबरो म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवा वाटला आणि आवडलाही. "ती नसती तर कसला मामा आणि कसला भाचा? दगडावर तिचं नाव घाला."

"घालू!" बुल्हान म्हणाला. बहिणीकडे बघताना त्याची छाती फुगली होती. "आमच्या लेकीचं नाव घालू!"

"आमच्या आईचं!" दीरिये म्हणाला.

पाथरवटानं छिन्नी दगडावर टेकवली आणि वर पाहिलं. बुल्हाननं दाढी खाजवली. आजूबाजूचे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले, मग वाळूकडे.

"अब्ती," दीरियेनं हळूच विचारलं, "तिचं नाव काय होतं?"