एक बी फाइल गेली नाही

एकुलता एक मुलगा हरीओम वारल्यावर वैजयंतीबाई रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लावत, आत जाऊन त्याचा जुना कॉम्प्युटर सुरू करत आणि मग स्वयंपाकाला लागत. तो चालवणं त्यांना येत नव्हतं. अलीकडे त्याची हार्ड डिस्क फारच करकरायला लागली, म्हणून त्यांचे यजमान रामकिसनभाऊ तो कामरगावहून कारंज्याला जुनैदच्या दुकानात घेऊन गेले.

जुन्या डिस्कच्या जागी बसवलेली एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी नवी डिस्क, त्या मशीनवर आधी रखडतच होती. जुनैदनं तिचे पार्टिशन, म्हणजे साठवणीचे कप्पे, पुन्हा नीट जागेवर जुळवले, पोराचे फोटो, गाणी सगळं तिच्यात उतरवलं.

"काका, एक बी फाइल गेली नाही. आता बटण दाबलं का लगेच सुरू. अन् आवाज तं बिलकुल नाही."

संध्याकाळी वैजयंतीबाईंनी दिवा लावला, बटण दाबलं आणि भाकरी टाकायला बसल्या. तव्यावरची भाकरी करपली, तरी त्यांचे कान आतल्या खोलीकडेच होते.

"काय झालं वं?" रामकिसनभाऊंनी विचारलं.



"तो आवाज आला का मले वाटे, हरीओम आत काम करून राह्यला. आज खोलीत कोणीच नाही जी."