बर्फाचा खण

स्वयंपाकी चुईने लेलंडच्या छातीवरून हात काढले आणि तो तिथेच धापा टाकत बसला.

"पुरे," कप्तान दुआर्ते म्हणाला. "गेला तो."

वर्नन लेलंडचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. सॅन दिएगोहून निघणाऱ्या या बोटीवर दोघं दर उन्हाळ्यात आठवडाभराच्या मासेमारीला येत. आज सकाळी लेलंडच्या गळाला मोठा मासा लागला, तो हसला, आणि हसता हसताच कठड्यावर कोसळला. हृदयाला झटका देणारं यंत्र कपाटात होतं. दुआर्तेने धावत जाऊन ते आणलं, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. दिवा काही लागला नाही. आता त्याने झाकण लावून ते पायानेच बाकाखाली सरकवलं.

"मेलेल्या माणसासाठी हेलिकॉप्टर एवढ्या लांब येत नाही," तो म्हणाला. "त्याला खाली बर्फातच ठेवावं लागेल. राहता राहिलं बोट परत वळवायचं. आत्ता कुठे मासा लागायला लागलाय... पण मित्र तुझा. तू म्हणशील तर आत्ता वळवतो."

डेकवर मासेमारीला आलेले बाकीचे प्रवासी उभे होते. कुणी गळाची दोरी चाचपत होतं, कुणी पाण्याकडे बघत होतं. वर्षभर रजा साठवून आलेली माणसं. वर्ननला वाटलं, यांच्यातल्या एकाने तरी 'वळव' म्हणावं. त्याने बराच वेळ वाट पाहिली.

"तो असता तर मासे धरा म्हणाला असता," शेवटी वर्ननच म्हणाला.

"अगदी बरोबर," मागून कुणीतरी लगेच म्हणालं. "लेलंड तसाच होता."

बोलणारा माणूस लेलंडला परवा पहिल्यांदा भेटला होता.

दुआर्तेने केबिनमधल्या फोनवरून लेलंडच्या बायकोला, मार्लीनला, फोन लावून दिला. वर्ननने सांगितलं.

"डॉक्टर जाऊ नका म्हणाले होते," ती म्हणाली. "तुला ठाऊक होतं ना?"

"हो."

"तू बरोबर आहेस म्हणून सोडलं मी त्याला." मग तिने विचारलं, "परत वळलात ना?"

वर्ननने दुआर्तेकडे पाहिलं. दुआर्ते नकाशात डोकं घालून उभा होता.

"वळलोय," वर्नन म्हणाला.

"त्याला एकटं ठेवू नकोस."

वर्नन शिडी उतरून मासे ठेवायच्या बर्फाच्या खणात गेला. लेलंडला ताडपत्रीत गुंडाळून निजवलं होतं. शेजारी काल धरलेले कुपे मासे, माणसाएवढे लांब. एका उपड्या टोपलीवर वर्नन बसला आणि हात काखेत धरून राहिला. एका वर्षी वादळात लाट डेकवरून गेली, तेव्हा लेलंडने स्वतःचा पट्टा काढून वर्ननला खांबाशी बांधलं होतं आणि सैल झालेली पँट एका हाताने धरून उभा राहिला होता. त्यावरून दोघं कितीतरी वर्षं पोट धरून हसत आले होते. त्याची लेलंडला आठवण करून द्यावी म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं.

वर इंजिनाचा आवाज मंदावला. पावलं धावली. "लागला, इकडेही लागला!" कुणीतरी ओरडलं. मग हसण्याचे आवाज आले.

खणाचं झाकण उघडलं आणि भसकन उजेड आत पडला. वरून एक खलाशी वाकून बघत होता. त्याच्या हातातल्या आकड्याला भला मोठा मासा तडफडत होता.

"काका," तो ओशाळून म्हणाला, "जागा नाही हो. त्यांचे पाय जरा बाजूला घेता का?"

वर्नन उठला. त्याने वाकून दोन्ही हातांनी लेलंडचे पाय उचलले आणि भिंतीशी सरकवले. मासा बर्फावरून घसरत आला आणि लेलंडला टेकून थांबला. त्याची शेपटी बराच वेळ ताडपत्रीवर आपटत राहिली.