काळी की पांढरी?

पांढरी गाडी हरली तेव्हा लटारू खनके टाळी वाजवून म्हणाले, “झालं! काळीच घेतो.”

२००९ सालचा मार्च होता. कोरपन्याजवळच्या नव्या रस्त्यावर अजून वाहतूक सुरू झाली नव्हती. तीन किलोमीटर सरळ डांबर, वर जवळच्या कारखान्यातून उडालेली सिमेंटची बारीक धूळ. खनके राजुऱ्याचे कोळसा वाहतुकीचे ठेकेदार. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर धावणाऱ्या, एकाच कंपनीच्या दोन महागड्या हायब्रिड गाड्या त्यांना दाखवायला पुण्याहून आल्या होत्या. कंपनीची इंजिनिअर नंदिनी उमरे लॅपटॉपवर आकडे घेत होती.

पांढरी चालवली खनक्यांच्या जुन्या ड्रायव्हरने, मोहसीनने. काळी चालवणारा कंपनीचा माणूस ऊन लागून गेस्ट हाउसवर झोपला होता. टायरची हवा बघायला बोलावलेले मेकॅनिक अयूबभाई तेव्हा म्हणाले होते, “माही पोरगी चालवते.”

फरहा. वय तेवीस. बापाच्या गॅरेजात दुरुस्त झालेल्या प्रत्येक गाडीची ट्रायल तीच मारायची. ड्रायव्हरच्या कामासाठी तिने खनक्यांकडे दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा त्यांनी एकच सांगितलं, “बाईच्या हाती गाडी? नाई जमत.” आजही त्यांनी तोंड वाकडं केलं. पण नंदिनीने चावी सरळ फरहाच्या हातात दिली होती.

शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरपर्यंत जायला पांढरीला सात सेकंद लागले, काळीला सहा. शेवटच्या खांबापाशी पांढरीचा वेग दोनशे चार, काळीचा दोनशे सोळा.

मोहसीनचा चेहरा उतरला. वीस वर्षांत त्याला कोणी मागे टाकलं नव्हतं.

“शेठ, गाडीचा फरक हाय. मले काळी द्या, मंग पाहा.”

“देऊन पाहू,” नंदिनी म्हणाली.

गाड्यांची अदलाबदल झाली. मोहसीनने काळीत बसून पाय जोरात दाबला. चाकं धुळीवर जागीच फिरली, मग गाडी सुटली. वाटेत एका लहान पुलाचा उंचवटा होता. तिथे त्याचा पाय नकळत सैल झाला. पुन्हा सात सेकंद. शेवटी दोनशे पाच.

मग फरहा निघाली. सुरुवातीला तिने पाय हलका ठेवला. बॅटरीने पांढरीला आवाज न करता उचललं. चाकांनी रस्ता धरला तसा तिने पाय पूर्ण दाबला. पूल आला. तिने पाय ढिला केला नाही. गाडी क्षणभर हलकी झाली आणि पुन्हा रस्त्यावर बसली. बंद काचेआड फरहा एकटीच मोठ्याने हसली.

सहा सेकंद. दोनशे पंधरा.

खनके लॅपटॉपवरचे आकडे पुन्हा पुन्हा तपासू लागले. मोहसीन मात्र गाडीतून उतरून थेट फरहाकडे गेला.

“पुलावर पाय काऊन नाई उचलला?”

“पुढचा रस्ता साफ दिसत होता, भाऊ.”

त्याने मान हलवली. “गाडीचा फरक नव्हता, बहीण. मीच खोटं बोललो.” मग सगळ्यांदेखत त्याने तिला सलाम केला. अयूबभाईंनी तोंड फिरवून खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले.

नंदिनी फरहाला बाजूला घेऊन काहीतरी बोलली. मग तिने पुण्याला एक फोन लावला. ती परत आली तेव्हा खनक्यांचा निर्णय झाला होता.

“मॅडम, गाडी कोणतीबी द्या. दोन्ही सारख्याच. पण ड्रायव्हर मले हीच पाह्यजे. फरहा, उद्यापासून माह्याकडे ये.”

फरहाने नंदिनीकडे पाहिलं. नंदिनी लॅपटॉप मिटत म्हणाली, “फरहा येत्या सोमवारी पुण्याला येताहेत, खनकेसाहेब. आमच्या चाचणी विभागात. यापुढे आमच्या गाडीचा वेग म्हणून देशभर जो आकडा छापला जाईल, तो यांनी काढलेला असेल.”