धाकट्याच्या गच्चीवरचं तापमान

"झालं का रे दादा?" धाकट्याने खालच्या खिडकीतून विचारलं.

"होतंय," थोरला म्हणाला. तो धाकट्याच्या गच्चीवर शिडीला टेकून उभा होता आणि हवामान मोजायच्या यंत्रातली कोळिष्टकं जुन्या टूथब्रशने काढत होता. यंत्राचा हा खांब त्यानेच रोवला होता. तारा त्यानेच ओढल्या होत्या. यंत्राचे आकडे इंटरनेटवरच्या पानावर चढवणारा सर्व्हर रात्रंदिवस जागा का ठेवायचा आणि झोपलाच तर उठवायचा कसा, हे धाकट्याला आपल्याशेजारी बसवून त्यानेच शिकवलं होतं. आणि धाकट्याला स्टुलावर चढलं तरी गरगरतं, म्हणून आता साफसफाईलाही तोच.

नाव मात्र धाकट्याचं. कोपऱ्यावरचा लाँड्रीवालासुद्धा कपडे वाळत घालण्याआधी धाकट्याचं पान उघडून वारा बघायचा. तेही थोरल्याने गिळलं असतं. पण हल्ली आईसुद्धा तेच पान बघायला लागली होती.

आई लांब, बहिणीकडे राहायची. पूर्वी सकाळी उठली की मोबाइलवर थोरल्याच्या गच्चीवरच्या यंत्राचं पान उघडायची, घरी किती गारठा आहे ते वाचायची आणि त्याला फोन लावायची. "स्वेटर घातलास का?" एवढंच विचारायला. मग थोरल्याचा सर्व्हर एकदा बंद पडला. त्याने आज बघू, उद्या बघू केलं आणि त्याचं पान आठवडाभर रविवारचाच पाऊस दाखवत बसलं. तेवढ्यात भाचीने आजीला धाकट्या मामाचं पान काढून दिलं. त्यावरचे आकडे मोठे, चष्मा शोधायला नको. थोरल्याने नंतर आपला सर्व्हर चालू केला, त्यावरचे आकडे धाकट्याच्या दुप्पट मोठे केले, पण उपयोग झाला नाही. सकाळचा फोन धाकट्याकडे वाजायला लागला तो लागलाच. दोन्ही घरांत भिंत एकच. थोरला चहा घेत तो फोन ऐकायचा आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"दादा, सर्व्हर उठला," खालून आवाज आला. "पान सुरू झालंय. सेन्सर तेवढा आत बसव. आई केव्हाची खोळंबलीये. म्हटलं तिला, दादा वर चढलाय, आता होईल."

तापमान मोजणारा शेंगदाण्याएवढा सेन्सर तारेला लोंबत होता. एकावर एक उपड्या ठेवलेल्या पांढऱ्या बशांसारखं त्याचं घर होतं, त्यात तो सावलीत सरकवला की काम संपलं. थोरल्याने डाव्या हाताने खिशातून मोबाइल काढून पान उघडलं. चोवीस. आभाळ भरून आलेलं, हवा गार. आकडा अगदी बरोबर होता.

त्याने सेन्सर उजव्या मुठीत घेतला आणि मूठ मिटली. मोठे आकडे खोटेही असतात, आईला एकदा कळू दे.

सव्वीस. एकोणतीस. बत्तीस. आकडा चढत गेला तसं थोरल्याला बरं वाटत गेलं. इतकं बरं त्याला पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.

"दादा, तेहतीस दाखवतंय. उन्हात धरलायस का?"

"कसलं ऊन? तुझ्या सर्व्हरमध्येच काहीतरी बिघडलं असेल. बघ."

"असेल," धाकटा म्हणाला आणि मुकाट्याने कीबोर्ड बडवायला लागला. त्याला साधा संशयही आला नाही, याचाही थोरल्याला राग आला.

तेवढ्यात हातातला मोबाइल वाजला. आई.

"थोरल्या," ती म्हणाली, "मूठ उघड."

थोरल्याने मूठ तशीच मिटून ठेवली.

"धाकट्याला गोवर आला होता, तेव्हाही तू थर्मामीटर चहात बुडवून आणला होतास. म्हणे मलाही ताप आलाय."

"तुला कळलं होतं?"

"चहाचा वास येत होता त्याला. तरी घेतलंच ना तुला शेजारी निजायला?"

थोरल्याने खाली पाहिलं. खिडकीत धाकट्याचं डोकं स्क्रीनवर वाकलेलं होतं. "त्याला सांगणार आहेस?" त्याने हळूच विचारलं.

"काय सांगू? दादाला ताप आलाय म्हणून?"

थोरल्याने मूठ उघडली. सेन्सर बशांच्या आत सरकवला आणि वारा लागावा म्हणून जरा बाजूला झाला. फोन स्पीकरवर टाकून आई तिकडे आकडे वाचत होती.

"एकतीस," ती म्हणाली. "जेवलास का?"

"हो."

"अठ्ठावीस. आवाज का बसलाय तुझा?"

"नाही बसला."

"सव्वीस. पायऱ्या जपून उतर. शिडी जुनी आहे ती." मग जरा वेळाने, "पंचवीस. हं, झालं आता. आलं ठिकाणावर. चल, ठेवते मी."

थोरल्याने दोन बोटं बशांच्या फटीतून आत घातली आणि सेन्सर हलकेच चिमटीत धरला.

आईने फोन ठेवला नाही.

"सव्वीस," ती म्हणाली.

"स्वेटर घातलास का?" तिने विचारलं.