हळदीच्या लुगड्यावरचे डाग

एकोणसत्तर साली सातवीतल्या कमळनं वर्गात शिकलेला हळद आणि साबणाचा प्रयोग आईच्या लग्नातल्या हळदीच्या लुगड्यावर करून पाहिला. पिवळ्या पदरावर लालभडक डाग उमटले. मासळीची पाटी तशीच टाकून सगुणाबाई लेकीला ओढत मनोरीच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत शिरली. तिनं लुगडं टेबलावर आपटलं. "हेच शिकवता काय पोरींना? उद्यापासून ही माझ्यासंगती बाजारात बसेल!" कमळला रडू फुटलं. विज्ञानाच्या मेबलबाईंनी लिंबू कापून फोड सगुणाबाईच्या हातात ठेवली. "तुम्हीच पिळा." तिनं रागानंच एका डागावर लिंबू पिळलं. लाल रंग विरत गेला आणि तिथला पदर पुन्हा पिवळा झाला. मग दुसरा डाग पुढे ओढून तिनं हळूच विचारलं, "बाई, चिंच लावली तर?" बाईंनी तिच्याकडे स्टूल सरकवलं. "बसा. कमळ, पळ, चिंच आण."